जुना व्हाइस घरी आणलाय, आता पुढे? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या हत्यारांवर दोन पानं छापली तर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज जवळजवळ सगळे एकाच गोष्टीवर आले, ते म्हणजे बेंच व्हाइस, टेबलावर बसवून वस्तू जबड्यात घट्ट धरायचा शिकंजा. रंधे, करवती, पाने, कोणालाच काही विचारायचं नाहीये बहुतेक. असो, निवडक प्रश्न घेतोय, ज्यांचा आला नाही त्यांनी राग मानू नका, बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता.

प्रश्न: पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी एक इंग्लिश व्हाइस मिळाला, वर रेकॉर्ड आणि ३ नंबर लिहिलंय, किलोच्या भावाने घेतला. पूर्ण जाम आहे, दांडा हलतच नाही आणि गंज तर विचारू नका. मित्र म्हणतो ॲसिडमध्ये टाक. टाकू का? – एक वाचक, पिंपरी

ॲसिडमध्ये अजिबात नको आणि मित्राला तर व्हाइसच्या जवळपासही येऊ देऊ नका. रेकॉर्ड म्हणजे शेफिल्डच्या सी अँड जे हॅम्प्टन कंपनीचा ब्रँड, ३ नंबर म्हणजे ४ इंची जबडा, फिटरच्या कामाला याहून चांगली साईज नाही. किलोच्या भावाने मिळाला असेल तर तुम्ही जिंकलात, आता घाई करून घालवू नका.

आधी जाम सोडवायचा, गंजाचं नंतर बघू. स्पिंडल (दांड्याने फिरतो तो लांब स्क्रू) जिथे पुढच्या जबड्यात शिरतो तिथे आणि मागून नटच्या बाजूने डिझेल किंवा कुठलंही पेनिट्रेटिंग ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी परत सोडायचं, असं चार-पाच दिवस चालू द्या. मधेमधे स्पिंडलच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने हलके ठोके द्या, जोरात नाही, तेल आत उतरावं एवढ्यासाठीच. दांडा फिरवताना आधी आवळायच्या दिशेने किंचित आणि मग सोडायच्या दिशेने, असं मागेपुढे. तरीही नाहीच हलला तर नटच्या भोवतीचं बीड (ओतीव लोखंड) गॅसच्या बत्तीने हळूहळू गरम करा, सगळीकडून सारखं, एकाच जागी ज्योत धरली तर बीड तडकतं. आणि तेल ओतलेल्या वस्तूला आग दाखवताय हे लक्षात ठेवा, आधी नीट पुसून घ्या, मोकळ्यावर करा.

सुटला की सगळा खोला. सरकता जबडा पूर्ण बाहेर ओढला की स्पिंडलवर आतल्या बाजूला एक कॉलर म्हणजे कडं दिसेल आणि बहुतेक वेळा त्यातून आडवी पिन गेलेली असते. पिन टेपर असू शकते म्हणजे एक टोक बारीक एक जाड, बारीक टोकाकडून ठोकायची, उलटीकडून ठोकत बसलात तर ती आणखी घट्ट बसते आणि मग शिव्या मला घालाल. खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा.

आता गंज. मला विचाराल तर बादलीतलं इलेक्ट्रोलिसिस सगळ्यात भारी. प्लॅस्टिकचा ड्रम, ४ लिटर पाण्याला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा (खायचा नाही, धुण्याचा), १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. मायनस व्हाइसच्या भागाला, प्लस भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला, आणि दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. वायर उलट्या लागल्या तर गंजाऐवजी तुमचा व्हाइसच खाल्ला जाईल, म्हणून तीनदा बघा. नवीन स्मार्ट चार्जर बऱ्याचदा चालूच होत नाहीत कारण त्यांना समोर बॅटरी दिसत नाही, जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर गॅरेजवाल्याकडून मागून आणा. मीठ टाकायचं नाही, त्याने क्लोरीन सुटतो. प्लसला स्टेनलेसची पट्टी लावायची नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. व्हाइसवरून जे बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, तेव्हा बंद खोलीत नको, गच्चीवर ठेवा आणि तिथे बिडी ओढायला जाऊ नका. स्प्रिंगा यात टाकायच्या नाहीत, ठिसूळ होऊ शकतात. हात घालायच्या आधी चार्जर बंद.

दुसऱ्या दिवशी काढलात की वर काळा थर असतो, तो तारेच्या ब्रशने सहज निघतो आणि खाली राखाडी स्वच्छ बीड. इथे लोक खूश होऊन फोटो काढत बसतात आणि अर्ध्या तासात परत तांबूस झाक येते. गरम पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा, लगेच तेल. ज्यांना विजेची भानगड नको त्यांच्यासाठी काकवी आहे की, एक भाग काकवी नऊ भाग पाणी, त्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचं. काम करते, पण वास असा येतो की शेजारी सोसायटीत तक्रार करतील.

प्रश्न: आजोबांच्या वर्कशॉपमधला मोठा व्हाइस आहे, मागच्या जबड्याच्या मुळाशी बारीक रेघ दिसते. क्रॅक आहे की कास्टिंगची खूण कसं कळणार? आणि क्रॅक असेल तर वेल्डिंग होईल का, का भंगारात देऊ? – एक वाचक, इचलकरंजी

भंगारात देऊ नका. आधी टेस्ट करा, फुकटात होते. ती जागा घासून चकचकीत करा, रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या कपड्याने अगदी स्वच्छ पुसा आणि वर पांढऱ्या खडूची पावडर चोळा. खरी क्रॅक असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि खडूत ओली काळपट रेघ उमटते. कास्टिंगची खूण असेल तर खडू कोरडाच राहतो. शिवाय जबडा सुटा करून दोरीला टांगा आणि हातोडीने टिचकी मारा, चांगलं बीड घुमतं, तडकलेलं बद्द वाजतं.

क्रॅक निघाली तर वेल्डिंग होतं पण कोपऱ्यावरच्या गेट-ग्रिलवाल्याकडून नाही. तो साधा रॉड लावून पाच मिनिटात शिवून देईल, दिसायला मस्त, आणि पहिल्यांदा आवळलात की शिवणीच्या शेजारी नवीन रेघ, कारण बिडात कार्बन भरपूर, वेल्डच्या कडेचा भाग एकदम थंड झाला की काचेसारखा ठिसूळ होतो. बरोबर करायचं तर क्रॅकच्या दोन्ही टोकांना छोटी भोकं पाडायची म्हणजे ती पुढे पळत नाही, मधे व्ही आकाराची खाच, सगळा तुकडा आधी गरम करायचा, निकेलच्या रॉडने थोडं थोडं भरायचं, प्रत्येक छोट्या टाक्यावर गरम असतानाच हातोडीने टकटक करायचं, आणि शेवटी कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी काढायचं. नाहीतर गॅसवर पितळेच्या रॉडने ब्रेझिंग, तेही जुनं आणि भरवशाचं काम आहे. तुम्ही तर कोल्हापूरच्या इतक्या जवळ आहात, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच फाउंड्री, तिथे बिडाचं वेल्डिंग रोज करणारी माणसं सापडतील, चौकशी करा.

एक सांगून ठेवतो, जबड्याच्या मुळाशी सगळ्यात जास्त ताण येतो, त्यामुळे रिपेअर झाल्यावर त्यावर हलकंच काम करा. छिन्नी-हातोडीचं काम दुसऱ्या व्हाइसवर.

प्रश्न: इंग्लिश व्हाइसच्या जबड्याच्या पट्ट्या बदलल्या, हार्डवेअरमधून नवीन एम ८ स्क्रू आणले. एक-दोन आटे जातो आणि अडकतो. भोकात घाण असेल का? – एक वाचक, नाशिक

घाण नाहीये आणि कृपा करून पाना लावून आणखी फिरवू नका!! ते भोक बहुतेक ५/१६ इंच व्हिटवर्थ आहे, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाच्या आट्यांचं. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, तुमचा स्क्रू ८ मिमी, म्हणून हाताला एकच वाटतात आणि सुरुवातीला जातोही. पण व्हिटवर्थला इंचाला १८ आटे म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.४१ मिमी, एम ८ चा पिच १.२५, तेव्हा दोन-तीन आट्यांनंतर ते एकमेकांवर चढतात. शिवाय आट्याचा कोनही वेगळा, व्हिटवर्थचा ५५ अंश आणि मेट्रिकचा ६०. जोर लावलात तर बिडातले आटे भुगा होऊन बाहेर येतील. थ्रेड गेजने जुना स्क्रू मोजा, गेज नसेल तर जुना स्क्रू घेऊनच दुकानात जा, जुन्या पेठेतल्या नट-बोल्टच्या दुकानात बीएसडब्ल्यू (म्हणजे हेच व्हिटवर्थ) अजून मिळतात. भोकातून त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने एकदा फिरवून घ्या, तेल लावून.

जबडा खोलताना ज्यांचे स्क्रू निघतच नाहीत (असे तीन मेसेज आहेत) त्यांनी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, साध्या स्क्रू ड्रायव्हरने खाच बिघडवून ठेवली की मग ड्रिलच करावं लागतं.

प्रश्न: आमचं लाकडी खेळण्यांचं काम आहे. जुना रेकॉर्ड ५२½ सुताराचा व्हाइस आहे, ट्रिगर दाबला की सरकतो ते ठीक, पण आता आवळताना मधेच घसरतो. नट गेला का? – एक वाचक, सावंतवाडी

नट गेला असेलही, पण आधी साफ करून बघा. यात पूर्ण नट नसतो, अर्धा नट असतो जो स्प्रिंगच्या जोरावर स्क्रूच्या आट्यात बसतो आणि ट्रिगर दाबला की बाजूला होतो. ही क्विक रिलीजची कल्पना इंग्लंडात यॉर्कशायरच्या पार्किन्सनच्या व्हाइसमध्ये एकोणिसाव्या शतकातच आली होती. आता लाकूडकामात काय होतं, वर्षानुवर्षं कोणीतरी प्रेमाने ग्रीस लावत राहतं, त्यात भुसा बसतो, तुमच्या कोकणातल्या दमट हवेत त्याचा गोळा होऊन अर्ध्या नटच्या आट्यात भरतो आणि मग नट पूर्ण आत बसतच नाही, वरवर धरतो. रॉकेल आणि जुना टूथब्रश, टोकदार खिळ्याने एकेक आटा मोकळा करा, मग स्प्रिंग बघा, तुटली किंवा ढिली असेल तर तशीच नवीन करून घ्या. एवढं करूनही घसरला तर नटच्या आट्यांची टोकं बघा, चपटी असली तर आयुष्य आहे, सुरीसारखी धारदार झाली असली तर संपला, टर्नरकडून नवीन करून घ्या. यापुढे स्क्रूला ग्रीस नको, पातळ तेलाचा हात पुरे.

आणि हो, जबडे वरच्या कडेला आधी टेकतात, खाली किंचित फट राहते, तो दोष नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं, आवळल्यावर सरळ होतं. घासून सरळ करायला जाऊ नका.

प्रश्न: इथे शिकागोजवळ गराज सेलमध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा विल्टन व्हाइस मिळाला. खालच्या बाजूला गॅरंटी एक्स्पायर असं लिहून तारीख ठोकलीये. मग बनवला कधी? – एक वाचक, इलिनॉय

तुमच्या गावचाच माल आहे, ह्यू व्होगल नावाच्या चेक माणसाने १९४१ मध्ये शिकागोतच ही कंपनी काढली. गॅरंटी ५ वर्षांची असायची, तेव्हा तारखेतून ५ वजा करा. आतला स्क्रू बंद नळीत असल्यामुळे कीस आत जात नाही, म्हणून बाहेरून कितीही वाईट दिसला तरी आतून बरेचदा चांगला निघतो. इकडे येताना सामानात आणायचा विचार असेल तर वजन बघा आधी.

प्रश्न: कुठला रंग लावू? फोटोत सगळे झकास निळे दिसतात. – एक वाचक, ठाणे

खरं सांगू का, रंग हा सगळ्यात शेवटचा विषय आणि पत्रं सगळ्यात जास्त याच्यावर. रेकॉर्ड निळे असायचे म्हणून इंग्लिश दिसला की निळा फासायचा असं चाललंय. मूळ रंग साठ-सत्तर टक्के शिल्लक असेल तर तसाच ठेवा, साबणाच्या पाण्याने धुवून तेलाचा हात द्या. काढायचाच असेल तर कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, पेंट रिमूव्हरने ओला काढा आणि मुलांना लांब ठेवा. मग रेड ऑक्साईड प्रायमर, वर साधा सिंथेटिक इनॅमल, दोन पातळ हात. सरकणारे भाग, आटे, आणि पट्टीच्या मागची जबड्याची जागा, इथे रंग जाता कामा नये, टेप लावा.

विकत घेताना मात्र ताज्या रंगापासून सावध. चोरबाजारात किंवा ऑनलाईन नवाकोरा चकचकीत जुना व्हाइस दिसला तर नखाने कोपरे खरवडा, एम-सील भरून वर रंग मारलेले पुष्कळ फिरतायत. त्यापेक्षा गंजलेला घ्या, गंज निदान काही लपवत नाही. दांडा पूर्ण फिरवून बघा, जबडा हलायच्या आधी अर्धा फेरा नुसताच फिरत असेल तर स्क्रू-नट झिजलेत, भाव पाडा.

प्रश्न: दांड्याला पाईप घालून आवळलं तर चालतं का? – एक वाचक, जळगाव

नाही. दांड्याची लांबी हिशोबाने ठेवलेली असते, तुमच्या हाताचा जोर तेवढाच जावा म्हणून. बाजारात वाकड्या दांड्याचा व्हाइस दिसला की समजा तिथे पाईप लागलेला आहे, आणि मग मागच्या जबड्याच्या मुळाशी वर सांगितलेली खडूची टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका. काम खरंच घट्ट धरत नसेल तर पट्ट्या गुळगुळीत झाल्यात का ते बघा, त्या बदलून घ्या. आणि तुमची वस्तूच व्हाइसपेक्षा मोठी असेल तर मोठा व्हाइस शोधा, बुधवारीही भरतो पुण्याचा जुना बाजार.