इंग्रजी लिहिताना होणाऱ्या कोणत्या चुका जाणकार वाचकांना सर्वाधिक खटकतात?

नोकरीच्या अर्जात आणि कार्यालयीन पत्रांत इंग्रजीच्या कोणत्या चुका वाचणाऱ्याला सर्वाधिक खटकतात, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाने त्यांतल्या कोणत्या आधी सुधाराव्यात, असे आपण विचारले आहे. नागपुरात धरमपेठेत गेली २२ वर्षे मी प्रबंध, अहवाल आणि अर्ज यांचे इंग्रजी तपासून देण्याचे काम करतो. माझ्या अनुभवात, ज्या चुकीमुळे वाचकाला लिहिणाऱ्याच्या मनातल्या अर्थाच्या उलट अर्थ कळतो, ती सर्वांत वाईट. आणि आपल्याकडे अशा चुका होतात त्या व्याकरण येत नाही म्हणून फारशा नव्हे, तर मनातले मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून उतरवल्यामुळे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचा विहिरींच्या पाण्यावरचा प्रबंध माझ्याकडे आला होता. नमुने कुठून घेतले, कसे तपासले, हे सारे तिने नीट मांडले होते. पण निष्कर्षाच्या प्रकरणात वाक्य होते, 'वुई डाउट दॅट द वॉटर इज कंटॅमिनेटेड'. तिला म्हणायचे होते की पाणी दूषित असावे अशी आम्हाला शंका आहे, आणि मराठीत ते वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र याचा अर्थ 'पाणी दूषित आहे असे आम्हाला वाटत नाही' असा होतो, कारण 'डाउट' हे क्रियापद एखादी गोष्ट खरी असण्याबद्दल अविश्वास दाखवते. तिला 'सस्पेक्ट' हवे होते. आपली शंका तीन ठिकाणी राबते: तो येईल की नाही याची शंका, त्यानेच पैसे घेतले असावेत ही शंका, आणि वर्गात गुरुजींना विचारायची शंका. इंग्रजीत या तिन्हींसाठी वेगवेगळे शब्द लागतात, आणि आपण तिन्हीकडे 'डाउट' लावतो. दोन वर्षांच्या मेहनतीचा निष्कर्ष एका क्रियापदाने उलटा झालेला पाहून मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटले होते.

आपल्या अर्जापुरते सांगायचे तर याहून लहान आणि तितकीच घातक चूक 'अ' या एका अक्षराची आहे. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' यांसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे ती गाळताना आपल्याला काही चुकल्यासारखे वाटत नाही, आणि बहुतेक ठिकाणी वाचकही समजून घेतो. पण 'आय हॅव अ लिटल एक्स्पीरियन्स' म्हणजे मला थोडाफार अनुभव आहे, आणि 'आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स' म्हणजे मला अनुभव जवळजवळ नाहीच. 'अ फ्यू' आणि 'फ्यू' यांचेही तसेच. मी तपासलेल्या अर्जांत अनेकांनी या एका अक्षरापायी स्वतःलाच अपात्र ठरवलेले असते.

नागपूरकरांची म्हणून एक खास चूक आहे. आपण 'काय करून राहिला', 'मला समजून राहिलं' असे सहज बोलतो, आणि वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ते अगदी रास्त आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु तेच 'राहिलं' इंग्रजीत उतरले की 'आय ॲम नोइंग मराठी', 'आय ॲम हॅविंग टू व्हीलर' अशी वाक्ये तयार होतात. जाणणे, मालकीचे असणे, पटणे या क्रिया नसून स्थिती आहेत, आणि त्यांना इंग्रजीत सहसा 'आयएनजी' लागत नाही. 'आय नो', 'आय हॅव' एवढेच पुरेसे आहे. वर्षे सांगतानाही हाच घोळ होतो: 'दहा वर्षांपासून काम करतो' याचे 'आय ॲम वर्किंग सिन्स टेन इयर्स' होते, तिथे 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टेन इयर्स' हवे. 'सिन्स' पुढे सुरुवातीचे वर्ष किंवा दिवस येतो, कालावधी येत नाही. 'डिस्कस' पुढचे 'अबाउट' आणि 'रिटर्न' पुढचे 'बॅक' तर सरळ काढून टाका.

विरामचिन्हांना आपल्याकडे कोणी फारसे महत्त्व देत नाही, म्हणून एक खटला सांगतो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या ओव्हरटाइमच्या कायद्यात, कोणत्या कामांना जादा वेतन लागू नाही याची यादी होती, आणि तिच्या शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग' असाही अर्थ लागेल आणि 'पाठवणीसाठी पॅकिंग, किंवा वितरण' असाही लागेल अशी इंग्रजी शब्दरचना होती, कारण 'ऑर' च्या आधी स्वल्पविराम नव्हता. एका डेअरीचे ट्रकचालक माल फक्त पोहोचवत असत, पॅकिंग करत नसत, म्हणून यादी आपल्याला लागू नाही असे सांगून त्यांनी जादा वेतन मागितले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून निर्णय चालकांच्या बाजूने दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

याउलट काही गोष्टींना शाळेत चूक म्हणून शिकवले जाते, पण त्या चुका नाहीत. वाक्याच्या शेवटी 'ऑफ', 'विथ' यांसारखे शब्दयोगी अव्यय येऊ नये हा आग्रह इंग्रज कवी जॉन ड्रायडन याने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनावर टीका करताना धरला होता. इंग्रजी भाषा त्याआधीही तशी वाक्ये लिहीत होती आणि आजही लिहिते. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'फ्यूअर' आणि न मोजता येणाऱ्यांसाठी 'लेस' हा भेद १७७० मध्ये रॉबर्ट बेकर याने स्वतःची पसंती म्हणून नोंदवला होता. औपचारिक पत्रात तो पाळावा, कारण काही वाचक त्याकडे लक्ष ठेवून असतात; दुसऱ्याच्या पत्रातली ती चूक दाखवून त्याला कमी लेखणे मात्र मला पटत नाही. 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) वर नाक मुरडणाऱ्यांशीही माझे जमत नाही: तो शब्द भारतात रुळलेला आहे आणि ऑक्सफर्डच्या कोशातही आहे.

आता आपल्या अर्जाची शेवटची ओळ. 'युअर्स' मध्ये 'आर' आणि 'एस' यांच्यामध्ये ॲपॉस्ट्रॉफी टाकण्याची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि ती चूक आहे. 'युअर्स', 'हिज', 'हर्स', 'इट्स' ही सर्वनामे स्वतःच मालकी दाखवतात, त्यांना ते चिन्ह लागत नाही. 'इट्स' मध्ये ते आले की त्याचा अर्थ 'इट इज' किंवा 'इट हॅज' होतो. आणि सुरुवात 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' अशी असेल तर शेवटी 'युअर्स फेथफुली' लिहा, आडनावाने संबोधले असेल तर 'युअर्स सिन्सिअरली', आणि दोन्हींत दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर लहान लिपीतले ठेवा.