आधी अंगठे सांभाळ
मसाज शिकताना सुरुवातीला सगळेच अंगठ्यांनी जोर लावतात. मीही लावला, आणि वर्षभरात अंगठ्यांची बुडं ठणकायला लागली. दाब पायांतून यायला हवा. टेबल इतकं खाली घे की सरळ उभं राहिल्यावर मुठीची पेरं त्याला टेकतील. मग अंगाचा भार नुसता पुढे सोड. खोल दाबाला कोपर आहेच. एकच पोटरी सुजलेली, गरम लागली तर हात लावू नकोस, आधी डॉक्टरकडे पाठव. रक्ताची गुठळी असू शकते.

मजा कशात, विचारतोस? मला ती मान डोक्याला मिळते तिथे सापडते. कवटीखाली बोटं टेकवून नुसतं थांबायचं. हळूहळू डोकं हातात जड होतं, श्वास लांबतो. (तेवढा वेळ गप्पा बंद. मला हे उशिरा कळलं.)