पाण्याची तपासणी झाली, मग तुकडा कशासाठी?

प्रश्न : माझे वडील 68 वर्षांचे असून त्यांनी ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात अनेक वर्षे नोकरी केली. छातीत साठलेले पाणी दोनदा काढले. रिपोर्टवर ‘संशयास्पद मेसोथेलियल पेशी’ असा शेरा आहे. आता डॉक्टर दुर्बिणीतून तुकडा काढायला सांगतात. या वयात ते आवश्यक आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रकृतीला झेपत असेल तर आवश्यक आहे. फुप्फुसाच्या आवरणाला नुसता दाह झाला तरी त्यावरील पेशी फुगतात आणि पाण्यात सुट्या तरंगताना कर्करोगाच्या पेशींसारख्या दिसू शकतात. कर्करोगाच्या पेशी मात्र आवरणाखालच्या चरबीत घुसतात; तशा त्या घुसल्या आहेत का, हे सलग ऊतीतच पाहता येते. म्हणूनच तुकडे एकाहून अधिक आणि पुरेसे खोल लागतात.

हा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे अतिपातळ काप काढतात व त्यांवर प्रतिपिंडांच्या (ठरावीक प्रथिनाला चिकटून रंग दाखवणाऱ्या रेणूंच्या) चाचण्या करतात. कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी1 या प्रथिनांचा रंग चढला, तर कल मेसोथेलिओमाकडे, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्याच कर्करोगाकडे जातो. टीटीएफ1 किंवा क्लॉडिन4 यांचा चढला, तर फुप्फुसाच्या किंवा अन्य अवयवाच्या कर्करोगाकडे. बॅप1 या प्रथिनाची चाचणी मला विशेष बोलकी वाटते : शेजारच्या निरोगी पेशींची केंद्रके तपकिरी होतात, तर मेसोथेलिओमाची अनेकदा निळीच राहतात. मात्र ती तपकिरी झाली, एवढ्यावरून हा आजार नाही असे म्हणता येत नाही.

उपचारही याच रिपोर्टवर ठरतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या, मेसोथेलिओमाच्या 605 रुग्णांच्या चाचणीत निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधांच्या जोडीची केमोथेरपीशी तुलना झाली. पेशींच्या रूपावरून या आजाराचे प्रकार पडतात. एपिथेलिऑइड प्रकारात जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो) 18.7 विरुद्ध 16.5 महिने, म्हणजे फरक थोडा होता. सार्कोमॅटॉइड व मिश्र प्रकारांत मात्र तो 18.1 विरुद्ध 8.8 महिने भरला. प्रकार न कळता औषध निवडणे म्हणूनच अवघड.

दुर्बिणीच्या त्याच बैठकीत, पाणी पुन्हा साठू नये म्हणून छातीत औषधी पूड फवारता येते, हा दुसरा लाभ. दुर्बीण झेपणार नसेल, तर सीटी किंवा सोनोग्राफीच्या आधाराने जाड सुईने तुकडा घेता येतो.

तपासणीच्या अर्जावर वडिलांच्या कारखान्यातील कामाचा उल्लेख अवश्य करावा. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा नुकसानभरपाईसाठीच्या व्यावसायिक आजारांच्या कायदेशीर यादीत आहे. तेव्हा अंतिम रिपोर्ट आणि नोकरीची कागदपत्रे एकत्र जपून ठेवावीत.