कमी दिसणाऱ्या मुलीची परीक्षा : अर्ज वेळेत हवा, आणि तिनेच लिहिलेला हवा

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी इंदूरला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, तिला बरंच कमी दिसतं आणि परीक्षेत जादा वेळ मागितला तर सरांनी ‘नियम सगळ्यांना सारखेच’ म्हणून परत पाठवलं. मलाही तिच्यासारखंच कमी दिसतं, शिक्षणही इथेच झालं आणि आता मुलांना असे अर्ज लिहायला मदत करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरांचं म्हणणं कायद्याला धरून नाही. 2016चा दिव्यांगजन अधिकार कायदा एप्रिल 2017पासून लागू आहे. त्याच्या 17व्या कलमात परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक (आपण सांगू ते उत्तरपत्रिकेत लिहून देणारा) या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. केंद्राच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतल्या 5 टक्के राखीव जागांसाठी 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. लेखनिकासाठी मात्र ती अट लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितलं आहे.

पण तोंडी विनंतीला नकारही तोंडीच मिळतो आणि मग हातात काही राहत नाही. सेमेस्टर सुरू होतानाच प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राची, प्रत जोडा. लेखनिक हवा असेल तर लिहिण्यात अडचण असल्याचा सिव्हिल सर्जनचा वेगळा दाखला मागतात. तो मिळायला वेळ लागतो, त्यामुळे ते काम आत्ताच हाती घ्या. परीक्षेच्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

अर्जात नुसतं ‘लो व्हिजन आहे, सहकार्य करावे’ असं लिहू नका. त्यातून क्लार्कला करायचं काय ते कळत नाही. असं लिहा : ‘मला 20 पॉइंटचा ठळक टाइप वाचता येतो. प्रश्नपत्रिका मूळ फाइलमधून त्या आकारात छापून मिळावी. खिडकीकडे तोंड करून बसले तर डोळ्यांवर तिरीप येते, म्हणून खिडकीकडे पाठ होईल अशी जागा आणि टेबल लॅम्प मिळावा.’ मूळ फाइल मुद्दाम म्हणतोय. कॉलेजात बहुधा झेरॉक्स मोठी करून देतात. त्यात अक्षरं फुगतात पण पुसट होतात, आणि अर्थशास्त्राच्या आलेखातल्या दोन रेघा एकच दिसू लागतात. आकार किती हवा हे तिने घरी प्रिंट काढून आधी तपासावं.

आता जरा स्पष्ट बोलतो, रागावू नका. हा अर्ज तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या. ऑफिसात बोलणंही तिचंच असू दे, तुम्ही सोबत जा. शाळेत आईने बोललेलं चालतं. कॉलेजात मात्र आपल्याला काय जमतं, काय अडतं आणि काय हवं, हे सांगणं विद्यार्थ्याचं काम आहे. पुढे नोकरीतही हेच करावं लागणार आहे. सवलत मिळाली म्हणून अभ्यासक्रम कमी होत नाही, असाइनमेंटची तारीखही आपोआप पुढे जात नाही. मुदतवाढ आधी मागावी लागते. तिने सांगितलं तेवढंच लेखनिकाने लिहायचं. तो उत्तर सुचवू लागला तर तिने तिथेच थांबवावं, कारण अशा एका प्रकारामुळे पुढच्या सगळ्या मुलांकडे संशयाने पाहिलं जातं.

एवढं करूनही नकार आला तर तो लेखी मागा. सरकारी कॉलेजात कायद्याच्या 23व्या कलमाप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. त्याच्यापुढे भोपाळला राज्याचे निःशक्तजन (दिव्यांग) आयुक्त आहेत, आणि तिथे शिक्क्याची ती प्रतच कामी येते.

पुस्तकांचंही सांगतो. स्वतःच्या अभ्यासासाठी पुस्तक स्कॅन करून मोठ्या अक्षरात किंवा ऑडिओत करून घेणं चोरी नाही. 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातच तशी मुभा आहे. सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात, तिचं नाव नोंदवा, आणि संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए टाकून द्या. ते फुकट आहे.