वापरात नसलेला एलडीओ: नोड गाळायचा की रिकामा ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: महाप्यात बनणाऱ्या तुमच्या गेटवे बोर्डावर पीएमआयसीचे (वेगवेगळी व्होल्टेज पुरवणारी चिप) दोन एलडीओ (साधे रेग्युलेटर) आणि एक बक (इंडक्टर लागणारा स्विचिंग रेग्युलेटर) कुठेच जोडलेले नाहीत. त्यांचे नोड (नोंदी) डिव्हाइस ट्रीतून, म्हणजे लिनक्सला हार्डवेअर सांगणाऱ्या फाइलमधून, काढले, तरी एका एलडीओच्या पिनवर १.८ व्होल्ट दिसतात. शिवाय बूटनंतर साधारण अर्ध्या मिनिटाने इथरनेट बंद पडतं. दोन्ही तक्रारी एकाच नियमातून आल्या आहेत.

नोड काढला म्हणजे रेग्युलेटर बंद झाला, असं होत नाही. बहुतेक पीएमआयसी ड्रायव्हर चिपमधले सगळे रेग्युलेटर नोंदवतात, नोड असो वा नसो. नोड नसेल तर कन्स्ट्रेंट (रेग्युलेटरवर काय करता येईल त्याच्या मर्यादा) कोरे राहतात, त्यात चालू-बंद करायची परवानगीही नसते, म्हणून लिनक्स कर्नल त्याला हात लावत नाही. ओटीपीने (चिपमध्ये एकदाच लिहिलेल्या सेटिंगने) किंवा यू-बूटने (कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरने) जसा सोडला तसा तो राहतो. नोड ठेवून स्टेटस 'डिसेबल्ड' केलं तरी बहुतेक ड्रायव्हरांत हेच घडतं.

नोड रिकामा ठेवलात, आत फक्त रेग्युलेटर-नेम असलं, की ती परवानगी मिळते. मग बूटच्या शेवटच्या टप्प्यापासून ३० सेकंदांनी कर्नल झाडाझडती घेतं: चालू आहे, वापरकर्ता कोणी नाही, रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन (कायम चालू ठेवा) लिहिलेलं नाही, असा प्रत्येक रेग्युलेटर बंद. लॉगमध्ये नावापुढे 'डिसेबलिंग' उमटतं. तुमच्या मोकळ्या एलडीओंना हेच हवंय. मिन-मायक्रोव्होल्ट, मॅक्स-मायक्रोव्होल्ट मात्र तिथे लिहू नका. रेफरन्स बोर्डाच्या फाइलमधून ते आकडे उचलले जातात आणि नोंदणीच्या वेळी कर्नल तो व्होल्टेज खरोखर लावायला जातं.

इथरनेटही बहुधा याच झाडाझडतीत सापडलं. फायला (इथरनेट केबलशी बोलणारी चिप) वीज देणारा एलडीओ डिव्हाइस ट्रीत लिहिलाय, पण तो कोण वापरतं ते लिहिलेलं नाही. मॅकच्या (इथरनेट कंट्रोलर) बाइंडिंगमध्ये (नोडात काय लिहिता येतं त्याचे नियम) फाय-सप्लाय असेल तर तो जोडा, विषय संपला. रेग्युलेटर-बूट-ऑन लावून सुटका होत नाही. चालू मिळाला एवढंच ते सांगतं, चालू ठेवा असं नाही. ऑलवेज-ऑन डीडीआर (मेमरी), कोअर (प्रोसेसर), आयओ अशा रेलसाठी (वीजपुरवठ्यांसाठी) राखा. सगळीकडे तेच चिकटवणं हा आळस आहे. नव्या कर्नलमध्ये रेग्युलेटर_इग्नोर_अनयूज्ड हा बूट पॅरामीटर आहे. दोष कुठे आहे ते शोधायला वापरा, माल पाठवताना काढा.

बकची गोष्ट वेगळी. त्याला इंडक्टरच लावलेला नसेल आणि ओटीपी त्याला चालू करत असेल, तर आउटपुट उभं राहत नाही. काही चिप पॉवर-गुडची (व्होल्टेज नीट आल्याच्या खुणेची) वाट बघत फॉल्टमध्ये जातात, तेव्हा लिनक्स अजून सुरूही झालेलं नसतं. तिथे डिव्हाइस ट्री काही करू शकत नाही, ओटीपीच बदलून घ्यावा लागतो. एलडीओला आउटपुट कपॅसिटर नसेल तर चालू असताना तो ऑसिलेट होऊ शकतो, म्हणून ३० सेकंदही थांबू नका: यू-बूटच्या पीएमआयसी कमांडने एनेबल बिट तिथेच शून्य करा. न वापरलेल्या पिनांचं काय करायचं ते डेटाशीटमध्ये असतं. इनपुट पिन मोकळी सोडायची की पुरवठ्याला बांधायची, हे चिपगणिक बदलतं.

तपासताना आधी डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइल सिस्टिम) रेग्युलेटर_समरी आणि एनेबल रजिस्टर बघा, मग मीटर लावा. ॲक्टिव्ह डिस्चार्ज (बंद होताना आउटपुट रिकामं करणारी सोय) बंद असेल तर लोड नसलेला कपॅसिटर सावकाश उतरतो आणि १० मेगओहमचा मीटर बराच वेळ व्होल्ट दाखवत राहतो.

बोर्डावर पीएमआयसीबाहेरचा, जीपीआयओने (प्रोसेसरच्या चालू-बंद पिनने) चालणारा रेग्युलेटर असेल तर रेग्युलेटर-फिक्स्डमध्ये एनेबल-ॲक्टिव्ह-हाय आहे ना, ते पाहा. ते नसेल तर जीपीआयओ ॲक्टिव्ह-लो धरला जातो, आणि कर्नल 'बंद' करतं तेव्हा तो चालू होतो. ईएन (एनेबल) पिनला १०० किलोओहमचा पुलडाउनही लावा. टीटीसीच्या (महापे ज्यात येतं तो औद्योगिक पट्टा) खाडीकाठच्या शेडमध्ये पावसाळ्यात बोर्डावर दमट धूळ बसते, आणि तरंगती ईएन पिन त्या गळतीवरही हलते.