खटकलं तेवढं लिही

मुंबई

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे तिन्ही लेख वाचले. लेडीज डब्याचा, आजीच्या चाळीचा आणि उरणच्या मोरा बंदराच्या लाँचचा. भाषा स्वच्छ आहे, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. अडचण दुसरीकडे आहे. तिन्ही लेखांत शेवटचा परिच्छेद आधी ठरलेला दिसतो आणि बाकीचा मजकूर त्याच्याकडे चालत जातो. बाईचे कष्ट, चाळीतली माया, समुद्राचं विशालपण. हे अर्थ तुला त्या दिवशी सापडलेले नाहीत, ते घरून डब्यात भरून नेलेले आहेत.

पण गंमत अशी की तिन्ही लेखांत खरा विषय कुठेतरी अर्ध्या वाक्यात पडून राहिलाय. तो कसा ओळखायचा, एवढंच या पत्रात सांगायचं आहे.

लोकलचा लेख घे. संध्याकाळची कल्याण फास्ट, दादरला चढलीस, बसलेल्या एकीला विचारलंस, "कुठे?" ती म्हणाली, "घाटकोपर." म्हणजे सीट तुझी झाली, लेडीज डब्याचा हा करार रोज तोंडी होतो आणि बहुतेक वेळा पाळला जातो. मग तू दीड पान तिच्या मांडीवरच्या मेथीवर लिहिलंस. गाडीत मेथी निवडणारी बाई मराठी लेखनात इतक्यांदा येऊन गेलीय की आता ती कोणाला दिसतच नाही. आणि तिसऱ्या परिच्छेदात जाता जाता तू लिहितेस, "घाटकोपर आलं तरी ती उठली नाही, मग मी मुलुंडपर्यंत उभीच राहिले." पुढच्या वाक्यात लगेच नोकरदार स्त्रियांची दमछाक! अगं, लेख इथे होता. ती का उठली नाही? तू तिला का विचारलं नाहीस? राग आला होता ना? तो गिळून तू तिच्याबद्दल कणव लिहिलीस, म्हणून तो परिच्छेद खोटा वाजतो. सीट गेल्याचा क्षुद्र राग आणि तो क्षुद्र आहे हे कळणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कागदावर ठेवता आल्या तर नऊशे शब्द सहज भरतात, मेथीची गरज पडत नाही.

याला मी खटका म्हणते. जे घडायला हवं होतं आणि जे घडलं, त्यात बोटभर फट राहते. खटका म्हणजे ती फट. मोठा प्रसंग लागत नाही. उलट प्रसंग मोठा असला की खटका दिसेनासा होतो, कारण काय वाटायला हवं हे लोकांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

तो पकडायचा तर टिपण त्याच दिवशी, झोपण्याआधी. दोन दिवस गेले की आठवणीला इस्त्री बसते. छोटी वही पुरे, फोनही चालेल, पण सहा ओळींच्या वर लिहू नकोस. वेळ आणि नेमकी जागा. कानावर पडलेलं एक वाक्य, जसंच्या तसं. कुणाच्या तरी हातांची एक हालचाल. एक वास किंवा आवाज. काय खटकलं. आणि त्या वेळी तू स्वतः काय करत होतीस. ही ओळ सगळे गाळतात आणि नंतर तीच हवी असते. अर्थ लिहायचा नाही. "आज कळलं की" अशी सुरुवात होऊ लागली तर वही मिट.

मग टिपण दोन-तीन आठवडे पडू दे. परत वाचल्यावर दहापैकी सात-आठ टिपणं निर्जीव वाटतील, ती सोडून दे. उरलेल्यांतलं एक घेऊन एका बैठकीत बाराशे शब्द लिही, न थांबता. दुसऱ्या दिवशी आठशे-नऊशेवर आण. कात्री सुरुवातीला लाव: पहिले दोन परिच्छेद बहुधा घसा खाकरण्यात गेलेले असतात. नंतर मोठ्याने वाच. जीभ अडखळते तिथे वाक्य लांबलंय आणि आवाज आपोआप गहिरा होतो तिथे तू अभिनय करतेयस. तुझ्या लेखांत तीन टिंबं फार आहेत. टिंबं म्हणजे "पुढचं तुम्हीच हळवे होऊन समजून घ्या" अशी वाचकाला केलेली विनंती. सगळी काढ. बहुतेक वाक्यं त्यांच्याशिवाय उभी राहतील; जी पडतील ती पडूच देत. "जणू" एका लेखात एकदा.

संवादाचं एक. डब्यातल्या बाया "थोडा सरको ना" म्हणतात, तर तसंच लिही. तू सगळ्यांना पुण्याच्या वर्गात नेऊन बसवलंयस. आजीची भाषाही तिचीच राहू दे. मात्र वीस वर्षांपूर्वीचं बोलणं अवतरणचिन्हांत शब्दशः देऊ नकोस. "असं काहीसं म्हणाली" हे प्रामाणिक असतं आणि वाचायलाही बरं वाटतं.

आता आजी. घरच्या माणसावर लिहिणं सगळ्यांत अवघड, कारण आपण त्यांना पाहणं केव्हाच सोडून दिलेलं असतं. वरळीच्या बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली, त्यात नऊ माणसं, "जागा लहान पण मनं मोठी". हे वाक्य मुंबईतल्या कुठल्याही चाळीला चिकटवता येतं, म्हणून ते तुझ्या आजीचं नाही. आणि पुन्हा तुझं ते अर्धं वाक्य: नव्या इमारतीतल्या 500 चौरस फुटांच्या घरात आजी दिवसभर दार लावून घेते, कडीसकट. चाळीत दारं कशी सताड उघडी असायची याचं दोन पानं कौतुक सांगणारी बाई संधी मिळताच कडी लावते! तिला चाळ आवडत नव्हती असं लगेच ठरवू नकोस. दोन्ही खरं असू शकतं. विचार तिला.

पण "तुला कसं वाटायचं?" असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला त्या पिढीचं उत्तर ठरलेलं आहे: "काय वाटायचंय, दिवस काढले." वस्तूंबद्दल विचार. पाणी किती वाजता यायचं, पहिला हंडा कोण लावायचं, रॉकेलची रांग कुठपर्यंत जायची, रात्री नऊ अंथरुणं कुठल्या क्रमाने पडायची, कपडे बदलायला बायका कुठे जायच्या. या शेवटच्या प्रश्नावर ती थोडी थांबेल. मधे बोलू नकोस. साल विचारून उपयोग नाही. गिरणगावात "संपाच्या आधी की नंतर?" असं विचार, म्हणजे गिरणी संप सुरू झाला त्या 18 जानेवारी 1982 या तारखेच्या अलीकडे-पलीकडे सगळं नीट लागतं. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून आणि एका वेळी पाऊण तासापेक्षा जास्त नाही. पुढे ती दमते आणि तुला बरं वाटावं म्हणून गोष्टी गोड करते.

तपशील तपासून घे. आठवण चुकली तर चालेल, स्टेशनाचं नाव चुकून चालणार नाही. 1985 सालच्या प्रसंगात सीएसएमटी लिहिलंयस. व्हीटीचं सीएसटी 1996 मध्ये झालं, त्यात "महाराज" 2017 मध्ये आलं, आणि आजी तर आजही व्हीटीच म्हणत असेल. प्रभादेवी स्टेशन 2018 पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांना 8 ते 14 हे आकडे डिसेंबर 2023 मध्ये मिळाले, त्यामुळे तुझ्या कॉलेजच्या दिवसांत तू "दहा नंबरवर" उभी असणं शक्य नाही. जुना मुंबईकर इथेच लेख खाली ठेवतो.

आणि छापण्याआधी आजीला वाचून दाखव. नाव बदललं म्हणजे माणूस लपतो असं नाही. इमारत, मजला आणि आडनावाचं पहिलं अक्षर एवढ्यावर अख्खी चाळ ओळखते. आजारपण, पागडीची भांडणं, जागेची वाटणी हे ज्याचं त्याला विचारल्याशिवाय नाही. तिने "हे नको" म्हटलं तर काढायचं, वाद न घालता.

प्रवासाचा लेख त्या मानाने लवकर सुधारेल. भाऊचा धक्का ते मोरा म्हणजे तासाभराच्या आतलं अंतर, आणि तू त्यात सूर्योदय, सीगल, क्षितिज, सगळं कोंबलंस. लाँच दोन तास सुटली नाही, हे एका ओळीत. का सुटली नाही? मोरा बंदरात गाळ साचलेला आहे. मोठ्या ओहोटीला पाणी इतकं उतरतं की लाँच धक्क्याला लागूच शकत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आजचं वेळापत्रक उद्या उपयोगाचं नाही. तुला हे ठाऊक नव्हतं, शेजारच्या कोळणीला ठाऊक होतं. ती पाटीला टेकून झोपली आणि तू पाच वेळा तिकीट खिडकीवर जाऊन विचारून आलीस. लेख त्या दोन तासांचाच कर. समुद्राला दोन वाक्यं पुरे. प्रवासवर्णनात ठिकाणं वाढली की माणूस पातळ होतो. एक तास निवडावा आणि त्यातच राहावं.

माझ्या मते आधी लोकलचा लेख परत लिहायला घे. ती घाटकोपरला का उतरली नाही हे तुला कधीच कळणार नाही, त्यामुळे कारण रचून टाकू नकोस. नवरा आजारी होता, डोळा लागला होता, असलं काही नको. ती बसलेली, तू उभी, मेथीची पिशवी बंद, विक्रोळी येतंय. तिथपर्यंत लिहून पाठव.

आजीकडे दुपारी जा, जेवण आवरल्यावर. बेल वाजवून थोडं थांब, कडी काढायला तिला वेळ लागतो असं तूच लिहिलंयस.

तुझी,
मावशी