एअर इंडिया: कॉकपिटमधल्या दुसऱ्या माणसाचं ऐकलं का?

आईबाबांना लंडनला बोलवायचंय, थेट विमान एअर इंडियाचं आहे, पण एवढे अपघात झालेल्या कंपनीचं तिकीट काढावं का, असं तुम्ही विचारलंय. अपघातांची नुसती यादी पाहिली तर कोणीही घाबरेल. मी ती यादी आधी कारणांनुसार वेगळी करतो.

1955 मध्ये 'काश्मीर प्रिन्सेस' हाँगकाँगहून जकार्ताला जाताना पडलं आणि 1985 मध्ये 'कनिष्क' अटलांटिकवर कोसळलं. दोन्ही विमानांत बॉम्ब होता. कनिष्कमध्ये 329 माणसं गेली. विमान चालवणाऱ्यांच्या कौशल्याशी या आकड्याचा संबंध नाही, पण एकूण बेरजेत तो सगळ्यात मोठा दिसतो. 1966 साली 'कांचनजंगा' नावाचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर आदळलं, त्यात होमी भाभा होते. डोंगर अजून पुढे आहे की मागे पडला, याचा वैमानिकाचा अंदाज चुकला होता. आजच्या विमानांत जमीन जवळ आल्याची सूचना देणारी यंत्रणा असते, त्यामुळे तसा अपघात होण्याची शक्यता फार कमी झालीय.

मला जास्त अस्वस्थ करतात ते पुढचे तीन.

1 जानेवारी 1978. 'सम्राट अशोक' हे जंबो रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालं. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं आणि विमान उजवीकडे कललंय असं दाखवू लागलं. खाली काळोखा समुद्र, नजरेला क्षितिज नाही. त्यांनी विमान डावीकडे वळवलं, आणखी वळवलं. फ्लाइट इंजिनिअर सांगत होते, त्या उपकरणावर जाऊ नका. वांद्र्याच्या समोर विमान पाण्यात गेलं. 213 जण होते, एकही वाचला नाही.

22 मे 2010, मंगळूर. विमान एअर इंडिया एक्स्प्रेसचं, ही एअर इंडियाचीच उपकंपनी. कॅप्टन प्रवासात दीड तासाहून जास्त वेळ झोपले होते. जाग आल्यावर विमान उतरायला हवं त्यापेक्षा बरंच उंच होतं. सहवैमानिक 'गो अराउंड' म्हणाले, म्हणजे उतरणं सोडून परत वर चला. एकदा नाही, तीनदा. यंत्रही 'पुल अप' ओरडत होतं. तरी उतरवलं. आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती साधारण 5,200 फुटांवर, आणि पठाराच्या कडेपलीकडे दरी. 158 गेले, आठ वाचले.

दहा वर्षांनी, 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोड. पाऊस, मागून वारा, पुन्हा तशीच पठारावरची धावपट्टी, पुन्हा चाकं फार पुढे टेकली. आणि पुन्हा सहवैमानिकाचा 'गो अराउंड'. 21 मृत्यू. कॅप्टन हवाई दलातून आलेले, अतिशय अनुभवी, महाराष्ट्रातले. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हे लिहिताना जड जातं. मंगळूरनंतर चौकशी झाली, शिफारशी आल्या. तरीही कनिष्ठाने 'परत वर घ्या' म्हटल्यावर वरिष्ठाने त्याच क्षणी ऐकायचं, ही सवय दहा वर्षांत रुजली नाही याचा मला खरोखर राग येतो. आपल्याकडे साहेबांना टोकणं अवघड असतं, हे आपण सगळेच जाणतो. कॉकपिटमध्ये ते चालत नाही.

12 जून 2025 चं अहमदाबाद मी मुद्दाम वेगळं ठेवतोय. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 जण गेले. उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंदच्या स्थितीत गेले, एवढं प्राथमिक अहवालात आहे. तेवढ्यावरून मृत वैमानिकांना दोषी ठरवणाऱ्या पोस्ट कृपया पुढे पाठवू नका.

तिकिटाचं म्हणाल तर मी काढीन. सत्तर-ऐंशी वर्षांची बेरीज तुमच्या आईबाबांच्या एका प्रवासाचा धोका सांगत नाही. एक मात्र त्यांना आधी सांगून ठेवा. उतरता उतरता विमान जोरात वर गेलं, किंवा मुंबईच्या पावसात दुसऱ्याच शहरात नेलं, तर घाबरू नका आणि कर्मचाऱ्यांवर चिडू नका. विमान वेळेत परत वर घेणं, मंगळूरला आणि कोळिकोडला नेमकं तेवढंच करायचं राहून गेलं होतं.